किनाऱ्यावर उभे राहिलेले आजोबा

(आजी-आजोबा आणि वयोवृद्ध यांच्या जागतिक दिनानिमित्त)



जुलै महिन्याचा चौथा रविवार आपण आजी-आजोबांसाठी राखून ठेवतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा दिवस जगभरच्या ख्रिस्तसभेला दिला. २६ जुलै हा संत योहाकीम आणि संत आन्ना यांचा सण. ते पवित्र मरियेचे आईवडील, म्हणजे प्रभू येशूचे आजी-आजोबा. हा रविवार त्या सणाच्या जवळ यावा, अशी ही योजना आहे.

योहाकीम आणि आन्ना यांच्याविषयी शुभवर्तमानात एक ओळही नाही. त्यांची नावेसुद्धा आपल्याला जुन्या परंपरेतून मिळाली. त्यांनी कोणता चमत्कार केला, कोणते प्रवचन दिले, हे कोणालाच ठाऊक नाही. एवढेच ठाऊक आहे, की त्यांच्या घरात एक मुलगी वाढली आणि देवदूत तिच्याकडे आला तेव्हा तिला 'होय' म्हणता आले. तो 'होय' तिचा स्वतःचा होता. पण देवाला 'होय' म्हणायचे असते, हे तिने पहिल्यांदा कोणाच्या तरी मांडीवर बसून ऐकलेले असणार.

आज मला तुम्हाला एका वयोवृद्ध दर्यावर्दी गृहस्थांची गोष्ट सांगायची आहे. ते आपल्या धर्मग्रामातले नव्हते, आपल्या जिल्ह्यातलेही नव्हते. पण त्यांच्या दीर्घ आयुष्याचा विचार करताना मला खर्ड्यातले आजी-आजोबा डोळ्यांसमोर दिसू लागले, म्हणून सांगतो.

आपल्या खर्ड्याला समुद्राची ओळख नाही. आपल्याकडे भुईकोट किल्ला आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे आपल्या गावाचे नाव इतिहासात गेले, पण ती लढाई घोड्यांची आणि तोफांची. आपला जिल्हा सैनिकांचा आहे खरा, तरी नगरच्या माणसाला रणगाडा ओळखीचा आणि युद्धनौका परकी. पाणी म्हटले की आपल्याला विहीर आठवते, टँकर आठवतो. फलटण तालुक्यातील विंचुर्णी हे गावही असेच समुद्रापासून दूरचे. त्या गावात नौदलातून निवृत्त झालेले एक वृद्ध अधिकारी राहात होते. त्यांचे नाव व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी.

त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९२७ चा. स्वातंत्र्यापूर्वीच ते नौदलात गेले. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात आय.एन.एस. कामोर्टा या युद्धनौकेचे ते कप्तान होते आणि त्या युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे ते नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख झाले आणि १९८३ साली निवृत्त झाले. आपल्या देशाचा सागरी इतिहास लोकांनी विसरू नये म्हणून मुंबईत १९७८ साली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी ही संस्था सुरू झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

इथपर्यंतची गोष्ट एका कर्तबगार अधिकाऱ्याची आहे. अशी माणसे निवृत्त होतात, सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि मग जग त्यांना विसरते. मला सांगायची आहे ती गोष्ट इथून पुढची.

आवटींच्या मनात एक इच्छा होती. एका भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. इंजिनाच्या बळावर नव्हे, वाऱ्याच्या बळावर. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या एका इंग्रज खलाशाने जगात पहिल्यांदा अशी प्रदक्षिणा एकट्याने आणि कुठेही न थांबता पूर्ण केली होती. त्याची 'सुहेली' ही होडी कुठे बांधली होती? आपल्या मुंबईत, आपल्या कारागिरांच्या हातांनी. होडी इथली आणि प्रवास मात्र दुसऱ्याचा!

आवटी निवृत्त झाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. एकट्याने समुद्रावर महिनोन् महिने काढण्याचे वय मागे पडत चालले होते. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. आपण जाऊ शकत नसू, तर जाणारा शोधायचा, त्याच्यासाठी होडी बांधून घ्यायची आणि त्याला शिकवणारा गाठून द्यायचा. वर्षे गेली. विसाहून अधिक वर्षे गेली. २००६ च्या सुमारास नौदलाने ही मोहीम हाती घेतली आणि दिलीप दोंदे या अधिकाऱ्याने पुढे येऊन आपले नाव दिले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छप्पन्न फुटी होडी बांधली गेली. तिचे नाव 'म्हादेई'. ज्या नॉक्स-जॉन्स्टन यांनी पहिली प्रदक्षिणा केली होती, त्यांच्याकडेच दोंदे शिकले. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून एकटे निघाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि केपटाऊन अशा चार ठिकाणी थांबत १९ मे २०१० रोजी ते मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

त्या दिवशी आवटी ब्याऐंशी वर्षांचे होते. ते त्या होडीत नव्हते. ते किनाऱ्यावरचे होते.

गोष्ट इथे संपली नाही. दोंदे यांच्या मोहिमेत किनाऱ्यावरून मदत करणारा एक तरुण अधिकारी होता, अभिलाष टॉमी. २०१२-१३ मध्ये तोच 'म्हादेई' घेऊन निघाला आणि कुठेही न थांबता पाच महिन्यांत प्रदक्षिणा पूर्ण करून आला. मग दोंदे यांनी सहा तरुण महिला अधिकाऱ्यांना तयार केले. त्या 'तारिणी' नावाच्या होडीतून सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी सुखरूप परतल्या. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात आवटींचे निधन झाले. ते एक्याण्णव वर्षांचे होते. त्यानंतरही २०२४-२५ मध्ये रूपा आणि दिलना या दोन महिला अधिकारी दोघीच 'तारिणी' घेऊन जगाला वळसा घालून आल्या. त्यांना तयार करणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. म्हणजे आवटींनी दोंदे यांना उभे केले, दोंदे यांच्या सोबतीने टॉमी घडले, आणि दोंदे व टॉमी यांनी पुढच्या मुलींना घडवले. आजोबा गेले, तरी नातवंडे समुद्रावरच आहेत.

बंधुभगिनींनो, पवित्र शास्त्रात अशीच एक गोष्ट आहे. दावीद राजाची फार इच्छा होती, की परमेश्वरासाठी मंदिर बांधावे. देवाने त्याला सांगितले, ते तू बांधणार नाहीस, तुझा मुलगा बांधील. आपल्यापैकी एखाद्याने काय केले असते? रुसून बसला असता. "मला नाही ना बांधू देत, मग बघतील पुढचे पुढे!" दावीदाने तसे केले नाही. इतिहासाच्या पहिल्या ग्रंथाचा बाविसावा अध्याय घरी जाऊन वाचा. त्याने पाथरवट बोलावले. दरवाजांच्या खिळ्यांसाठी लोखंड साठवले. पितळ एवढे जमवले, की त्याचे वजन करता येईना. गंधसरूचे लाकूड आणवले. का? कारण शलमोन लहान होता, अननुभवी होता, आणि काम मोठे होते. पुढे अठ्ठाविसाव्या अध्यायात दावीद सगळ्या लोकांसमोर मंदिराचा नकाशा मुलाच्या हाती देतो. ज्या मंदिरात आपण कधी पाऊल ठेवणार नाही, त्याच्या खिळ्यांचीसुद्धा काळजी त्या म्हाताऱ्या राजाने केली.

मोशेचेही तसेच. नबो डोंगरावरून त्याने वचनदत्त देश पाहिला, पण त्यात त्याला जाता आले नाही. लोकांना तिथे नेणारा यहोशवा होता, आणि यहोशवाच्या डोक्यावर मोशेने आधीच हात ठेवलेले होते. आणि मंदिरात बाळ येशूला हातांत घेणारा शिमोन? त्याने प्रभूचे एकही प्रवचन ऐकले नाही, एकही चमत्कार पाहिला नाही. त्याच्या वाट्याला फक्त चाळीस दिवसांचे एक बाळ आले. तेवढ्यावर तो शांत मनाने जायला तयार झाला. आजही आम्ही धर्मगुरू रोज रात्रीच्या प्रार्थनेत त्याचे ते गीत म्हणतो.

आपल्या तालुक्याच्या मातीतही हे घडले आहे. आपल्या जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. १७५४ साली त्यांचे पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. सासरे मल्हारराव यांनी एकुलता एक मुलगा गमावला होता. त्यांनी सुनेला सती जाऊ दिले नाही. तिला जवळ बसवून राज्यकारभार शिकवला. १७६६ मध्ये मल्हारराव गेले. अहिल्याबाईंचा तो मोठा कारभार त्यांनी पाहिला नाही. आज जिल्ह्याला अहिल्याबाईंचे नाव आहे. पण दुःखाने खचलेल्या एका म्हाताऱ्याने त्या वेळी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला नसता, तर?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार वाचला होता. तो म्हणतो, झाड किंवा प्राणी स्वतः अमर होऊ शकत नाही, म्हणून तो आपल्यासारखे दुसरे मागे ठेवतो. तेव्हा परीक्षेपुरते पाठ केले आणि सोडून दिले. आता वाटते, हे आंब्याच्या झाडाविषयी पुरे खरे आहे, माणसाविषयी अर्धेच. आंब्याच्या कोयीतून आंबाच येतो. पण श्रद्धावंत आजीच्या पोटी श्रद्धावंत नातू आपोआप येत नाही. नाक-डोळे रक्तातून येतात, श्रद्धा रक्तातून येत नाही. ती शेजारी बसून, ऐकून, पाहून यावी लागते, आणि शेवटी ज्याची त्याने स्वतः स्वीकारावी लागते. म्हणून संत पौल तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा त्याच्या आजीचे, लोईसचे, नाव घेऊन आठवण करून देतो, की ही श्रद्धा आधी तिच्यात होती, मग तुझ्या आईत आली. एवढ्या मोठ्या प्रेषिताला एका घरातल्या म्हातारीचे नाव लिहावेसे वाटले!

पोप फ्रान्सिस आपल्या आजीविषयी, रोझाविषयी, अनेकदा बोलत. तिने लिहून दिलेले पत्र ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवत. जगाच्या पाठीवर त्यांना कोणती मोठी पत्रे आली नसतील? पण रोजच्या प्रार्थनेत हाताशी राहिले ते आजीचे पत्र.

आता आपल्या घरी येऊ या.

आज जुलै आहे. आपल्यातली बरीच कुटुंबे सध्या गावात आहेत. दसरा झाला, की मुकादमाचा निरोप येईल. उचल घेतलेली आहे, तेव्हा जावेच लागेल. कोयते बांधून, भांडीकुंडी गाडीत टाकून टोळ्या निघतील. मग चार-पाच महिने, कधी त्याहून जास्त, उसाचा फड आणि फडाजवळची कोपी. त्या दिवसांत मंडळी निम्म्यावर येते, आणि समोरच्या बाकांवर मला काय दिसते? पिकलेले केस आणि लहान मुले. मधली पिढीच नाही.

त्या महिन्यांत आपल्या धर्मग्रामाची श्रद्धा कोण सांभाळते? मी सांभाळतो असे मला वाटत होते. ते खरे नाही. मी रविवारी तासभर भेटतो. संध्याकाळी दिवा लावून जपमाळ काढणारी, नातवाच्या कपाळावर क्रूसाची खूण करून त्याला शाळेत धाडणारी, "प्रभू येशूला सांग, आईबापाला सुखरूप आण" असे शिकवणारी ती आजी सांभाळते. नातवाला सायकलवर पुढे बसवून चर्चला आणणारा तो आजोबा सांभाळतो. आणि आपण त्यांना काय म्हणतो? "म्हातारी घरी आहे, पोरांना राखायला." राखणदार म्हणतो! शेताला राखणदार असतो. लेकरांना वाढवणारा राखणदार नसतो.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. आपल्यातल्या एका वृद्ध गृहस्थांकडे मी कम्युनियन घेऊन जात असे. प्रार्थना झाली, की मी उठायचा. ते म्हणायचे, "फादर, बसा की जरा. घाईनं येता, घाईनं जाता." त्यांना सांगायचे असायचे. त्यांच्या बापाचा बाप्तिस्मा कसा झाला, मिशनरी फादर कोणत्या वाटेने यायचे, गावोगावचे मास्तर लोक बैलगाडीतून कसे फिरायचे, दुष्काळात कोणी कोणाला धान्य दिले. मी म्हणायचो, "पुढच्या वेळी वही घेऊन येतो, सगळे लिहून घेतो." ते खूश व्हायचे. पुढच्या वेळी वही विसरायची, त्याच्या पुढच्या वेळी दुसरे काम निघायचे. एक दिवस निरोप आला. मी वही न्यायची राहिली ती राहिलीच.

मयताच्या वेळी त्यांच्या मुलाने विचारले, "फादर, बाबा एक जुने भजन म्हणायचे, ते म्हणता येईल का?" त्याला दोन शब्द आठवत होते, पुढचे आठवेना. मंडळीत विचारले, कोणालाच येईना. आम्ही दुसरे भजन म्हटले. त्या दिवशी मला कळले, की आम्ही एका माणसाबरोबर आणखी काहीतरी पुरतो आहोत, आणि त्याला पुनरुत्थान नाही. माणूस प्रभूच्या हाती सुखरूप आहे, अशी आपली श्रद्धा आहे. पण त्याने सांगितलेले आणि आपण न ऐकलेले, ते गेले. त्याचा हिशेब प्रभू त्यांच्याकडे मागणार नाही, माझ्याकडे मागेल.

म्हणून आज तिघांशी थोडे बोलायचे आहे.

पहिले, आजी-आजोबांशी. तुम्ही मला सांगता, "फादर, आता आमचा काय उपयोग? काम होत नाही, दिसत नाही, प्रभू लवकर नेईल तर बरे." असे म्हणू नका. प्रभू तुम्हाला ठेवतो आहे, म्हणजे तुमचे काहीतरी द्यायचे राहिले आहे. एकाहत्तरावे स्तोत्र म्हणणारा म्हातारा देवाकडे काय मागतो? केस पिकले तरी मला सोडू नकोस, पुढच्या पिढीला तुझे सामर्थ्य सांगेपर्यंत तरी सोडू नकोस. तुमच्या प्रत्येक दिवसाला तेवढे कारण पुरेसे आहे.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. होडी बांधून द्या, सुकाणू धरून बसू नका. आवटींनी दोंदे यांना समुद्रावर एकटे जाऊ दिले. दावीदाने नकाशा दिला आणि सिंहासनही दिले. आपल्यापैकी काहींना सगळे हातात ठेवायची सवय असते. सून काय शिजवते, नातू कोणाशी बोलतो, पैसे कुठे गेले. अशाने घरात भांडण राहते आणि शहाणपण वाया जाते. द्यायचे ते मोकळ्या हाताने द्या.

तुमच्यापैकी काही जणांचे दुःख मला ठाऊक आहे. नातू पुण्याला, चाकणला कंपनीत गेला. आता चर्चला जात नाही, फोनवर विचारले तर विषय बदलतो. तुम्ही रडता, "आमचे काय चुकले?" सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी एका मोठ्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात होते. प्रचंड वादळात त्यांची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी २४ सप्टेंबरला त्यांना वाचवण्यात आले. एवढ्या कसलेल्या माणसावर वादळ आलेच. कोणत्याही आजोबाला समुद्र शांत करता येत नाही. पण टॉमी संपले नाहीत. तीच शर्यत त्यांनी पुन्हा केली आणि २०२३ मध्ये दुसरे आले. वादळात सापडलेल्या नातवाला तुम्ही शिकवलेले एक 'हे आमच्या बापा' कोणत्या रात्री आठवेल, ते तुम्हाला कळणारही नाही. तुमची जपमाळ चालू ठेवा. समुद्र शांत करणारा दुसरा आहे. तो एकदा होडीतच झोपला होता, हे विसरू नका.

दुसरे, मधल्या पिढीशी. तुम्ही कष्ट करता, तुमच्या पाठीवर ओझे आहे, ते मी पाहतो. तरीही विचारतो. श्रावणबाळ योजनेचे पैसे म्हाताऱ्याच्या नावावर येतात, ते त्याच्या औषधाला जातात का? ताटावर बसताना त्याला आधी वाढले जाते का, की सगळ्यांचे झाल्यावर? तो तीच गोष्ट पुन्हा सांगू लागला, की लेकरांसमोर त्याला गप्प करता का? बेनसिरा म्हणतो, बापाची बुद्धी मंदावली तरी त्याला सांभाळून घ्यावे, आणि अशी दया देव विसरत नाही. लेकरे आपले शब्द ऐकून शिकत नाहीत, आपले वागणे पाहून शिकतात. आज तुम्ही ज्या आवाजात आईशी बोलता, तोच आवाज वीस-तीस वर्षांनी तुम्हाला ऐकू येईल.

तिसरे, मुलांनो, तुमच्याशी. तुमच्या आजोबांना मोबाइलमधले काही येत नाही, म्हणून तुम्ही हसता. हसा, तेही हसतील. पण मोबाइलमध्ये जे नाही ते त्यांच्याकडे आहे. तुमच्या पणजोबांचे नाव काय? आपल्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला? १९७२ च्या दुष्काळात आजी कोणत्या कामावर खडी फोडायला गेली होती? हे आज घरी जाऊन विचारा.

आता फक्त बोलून थांबायचे नाही. पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या प्रत्येक मुलाला एक वही मिळेल. त्याने आपल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांजवळ बसून तीन गोष्टी लिहून आणायच्या: एक आठवण, एक प्रार्थना आणि एक जुने भजन. ज्यांच्याकडे विचारायला नातवंड जवळ नाही, त्यांच्याकडे मी स्वतः येईन. या वेळी वही विसरणार नाही. आणि दसऱ्याआधीच्या रविवारी, टोळ्या निघण्यापूर्वी, मिस्सानंतर फडावर जाणारे आईबाप आपल्या लेकराचा हात वेदीसमोर आजी-आजोबांच्या हातात देतील. आपण सगळे त्या दोन्ही हातांसाठी प्रार्थना करू. 'राखायला ठेवले' असे म्हणण्यापेक्षा 'प्रभूसमोर सोपवले' असे म्हणता येईल, तेव्हा जाणाऱ्याचाही जीव थोडा थाऱ्यावर राहील.

प्रभू येशूने क्रूसावरून शेवटची जी कामे केली, त्यांत एक काम आपल्या आईची सोय लावण्याचे होते. त्याने तिला योहानाकडे सोपवले आणि योहानाला तिच्याकडे. कोणी कोणाला सांभाळायचे? दोघांनी एकमेकांना. तीच आपल्या घरांची रीत असू दे.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, योहाकीम आणि आन्ना यांच्या अंगणात तुझ्या आईने पहिली पावले टाकली. आमच्या धर्मग्रामातल्या प्रत्येक आजीला आणि आजोबाला आशीर्वाद दे. ज्यांचे डोळे मंदावले आहेत त्यांना तुझे मुख दिसू दे. ज्यांच्याजवळ कोणी बसत नाही, त्यांच्या खाटेजवळ तू बस, आणि आम्हालाही तिथे बसायला शिकव. जे आमच्या आधी गेले, ज्यांचे ऐकायचे आमच्याकडून राहून गेले, त्यांना तुझ्या किनाऱ्यावर विसावा दे. फडावर जाणाऱ्यांना सांभाळ, आणि घरी राहणाऱ्या लेकरांच्या हृदयात श्रद्धेचा दिवा तेवत ठेव. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू